जुन्या कुऱ्हाडीचे पाते कसे ओळखावे आणि त्याला नवा दांडा कसा बसवावा

कुऱ्हाडीचा दांडा मोडतो, कुजतो किंवा त्याला कीड लागते. पाते मात्र टिकून राहते आणि वर्षानुवर्षे अडगळीत गंजत पडते. जुन्या सामानाच्या ढिगात अशी बिनदांड्याची पाती मिळतात. त्यांतील काही आजच्या बाजारातील स्वस्त कुऱ्हाडींपेक्षा कितीतरी सरस असतात, तर काही केवळ भंगाराच्या लायकीची असतात. गंजाचा थर दोन्हींना सारखेच रूप देतो, त्यामुळे फरक ओळखायचा कसा, हा पहिला प्रश्न असतो. चांगले पाते हाती लागल्यावर त्यात दांडा असा कसा बसवायचा की तो वर्षानुवर्षे हलणार नाही, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे पात्याचे नेढे, म्हणजेच ज्या भोकात दांडा बसतो ते भोक. नवखा माणूस पाते हातात घेताच त्यावरचा शिक्का शोधतो. जाणकार आधी नेढ्यातून आरपार पाहतो, आणि माझ्या मते तोच क्रम योग्य आहे.

पुढील विवेचनात येणारे शब्द आधी स्पष्ट करतो. ज्या कडेने लाकूड तुटते ती धार. धारेचा वरचा कोपरा म्हणजे टोक आणि दांड्याकडचा खालचा कोपरा म्हणजे टाच. धारेच्या विरुद्ध बाजूचा जाड, बोथट भाग म्हणजे माथा. धार आणि नेढे यांच्यामधील दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग म्हणजे गाल. उदाहरणे प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि स्वीडन येथील आहेत, कारण तेथील कारखान्यांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत तयार केलेल्या पात्यांचे आकार, नावे आणि शिक्के यांची माहिती चांगल्या प्रकारे जतन झाली आहे.

नेढे काय सांगते

नेढ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ते ओळखता आले नाहीत तर पुढचे सगळे काम चुकते. पहिल्या प्रकारात नेढे गोल असते आणि दांडा वरच्या बाजूने आत सोडला जातो. दांड्याचा वरचा भाग जाड असल्यामुळे पाते खालून वर सरकत जाऊन तेथे आपोआप घट्ट अडकते. पाचर लागत नाही. टिकावाची रचना अशीच असते. दुसऱ्या प्रकारात नेढे लांबट, अंडाकृती किंवा थेंबाच्या आकाराचे असते. दांडा खालून आत शिरतो आणि वरून ठोकलेल्या पाचरीमुळे फाकून पक्का होतो. उत्तर अमेरिकेतील आणि स्वीडनमधील बहुतेक कुऱ्हाडी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. अशा नेढ्याचे वरचे तोंड खालच्या तोंडापेक्षा किंचित मोठे असते. हा फरक डोळ्याला सहज दिसत नाही, पण पाचर ठोकलेले लाकूड खाली निसटू नये यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. कोणते तोंड वरचे आहे हे दांडा बसवण्यापूर्वी मोजून ठरवावे.

त्यानंतर नेढ्याच्या भिंती तपासाव्यात. पाते उजेडासमोर धरून वरून पाहिले असता दोन्ही भिंती एकसारख्या बाकाच्या दिसल्या पाहिजेत. एखादी भिंत बाहेर फुगलेली किंवा आत दबलेली असेल तर त्या कुऱ्हाडीचा माथा कोणीतरी घणासारखा वापरला आहे, असे खुशाल समजावे. लाकूड तोडण्याच्या बहुतेक कुऱ्हाडींचा माथा धारेसारखा कडक केलेला नसतो. त्याने लोखंडी पाचरी ठोकल्या किंवा माथ्यावर घणाचे घाव घातले की माथा कडेने पसरतो आणि नेढे वाकते. माथ्याची थोडी पसरलेली कड कानशीने काढून टाकता येते, पण वाकलेले नेढे सहजासहजी पूर्ववत होत नाही. सर्वांत गंभीर दोष म्हणजे नेढ्याच्या भिंतीतील तडा. तो अनेकदा केसाइतका बारीक असतो आणि गंजाखाली लपतो, त्यामुळे पाते स्वच्छ केल्यावर भिंगातून पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे. तडा गेलेले पाते भिंतीवर टांगावे. त्याला दांडा बसवू नये.

पोलाद किती उरले आहे

कुऱ्हाडीचे संपूर्ण पाते सारखे कडक नसते. जुन्या पद्धतीत पात्याचे अंग मऊ लोखंडाचे करून त्याच्या पुढच्या कडेत जास्त कार्बन असलेल्या पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, घणाखाली एकजीव केली जात असे. कधी ती पट्टी दोन थरांच्या मधे घातलेली असे, तर कधी वरून गुंडाळलेली. नंतरच्या काळात पूर्ण पाते एकाच पोलादाचे होऊ लागले, पण पाणी, म्हणजे तापवून आणि विझवून आणलेला कडकपणा, फक्त धारेलगतच्या पट्ट्यालाच दिले जाई. मागचा भाग मऊ राहिला पाहिजे, अन्यथा आघाताने नेढेच फुटेल. म्हणून धार वर्षानुवर्षे घासून मागे सरकत गेली की एक वेळ अशी येते की कडक पट्टा संपतो. नंतर कितीही धार लावली तरी ती दोन घावांत बसते.

कडक पट्टा किती उरला आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे व्हिनेगर. पात्याचा पुढचा भाग घासून चकचकीत करावा, तेलाचा अंश पुसून टाकावा आणि त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड काही काळ ठेवावे. कापड उचलल्यावर धारेलगतचा पट्टा उरलेल्या पात्यापेक्षा वेगळ्या राखाडी छटेचा दिसतो आणि दोन छटांच्या मधे लाटेसारखी सीमारेषा उमटते. पोलादाची पट्टी वेगळी जोडलेली असेल तर जोडाची रेषाही स्पष्ट होते. ही रेषा धारेपासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे असेल तर पाते अजून पुष्कळ काम देईल. ती धारेला भिडलेली असेल तर त्या पात्याचे आयुष्य संपत आले आहे.

कानशीनेही अंदाज येतो. चांगली, धारदार कानस धारेलगत फिरवली असता तिने पोलाद थोडे अडत, पण निश्चितपणे कापले पाहिजे. ती काचेवरून घसरावी तशी घसरत असेल तर धार फार कडक, म्हणून ठिसूळ आहे. ती काहीच विरोध न होता खोल रुतत असेल तर पाणी उतरले आहे. पाणी उतरण्याचे नेहमीचे कारण उष्णता हेच असते. कुऱ्हाडीच्या धारेचे पाणी साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान बेतलेले असते आणि पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापले की त्यावर निळी झाक येते. वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर पाते दाबून धरले तर हे काही सेकंदांत घडते. जुना दांडा काढण्यासाठी पाते शेकोटीत टाकणाऱ्यांनी तर असंख्य चांगली पाती कायमची बाद केली आहेत. धारेजवळ निळे किंवा जांभळे डाग दिसले तर शंका घ्यावीच.

एक युक्ती मला विशेष उपयोगी वाटते. अमेरिकेतील अनेक पात्यांवर मूळ वजन पौंडांत कोरलेले असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, त्यामुळे साडेतीन पौंडांचे पाते नवे असताना साधारण १५९० ग्रॅमचे होते. ते आज काट्यावर १४५० ग्रॅम भरले, तर सुमारे १४० ग्रॅम धातू झीज, गंज आणि कानस यांनी नेला आहे. कारखान्यातही थोडे कमी-जास्त होत असे, म्हणून दहा-वीस ग्रॅमच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. मोठी तफावत मात्र बोलकी असते. ती धारेच्या आकारावरूनही पडताळता येते: टोकाचा कोपरा गोलावलेला असेल तर ती झीज आहे, कारण जमिनीवरचे लाकूड तोडताना माती-दगडावर बहुधा टोकच आपटते.

आकार आणि शिक्के

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कुऱ्हाडींचे शेकडो आकार प्रचलित होते, कारण प्रत्येक प्रदेशातील लाकूडतोड्यांची आपली पसंती होती आणि कारखाने ती पुरवत. त्यांपैकी थोडेच नेहमी दृष्टीस पडतात. मिशिगन आकाराचा माथा गोलसर असतो. डेटन आकाराचा माथा अधिक सपाट असतो आणि धारेकडे पाते बेताने रुंद होत जाते. जर्सी आकार ओळखणे सर्वांत सोपे, कारण नेढ्याच्या खालच्या बाजूला गालांवर दोन टोकदार पाळ्या खाली उतरलेल्या असतात. या पाळ्यांमुळे लाकडाला लोखंडाचा अधिक आधार मिळतो. याच्या उलट हडसन बे आकारात धार रुंद, पण नेढ्याची उंची फार कमी असते. ही कुऱ्हाड हलकी आणि देखणी असली तरी दांड्याला पकडायला पृष्ठभागच थोडा मिळत असल्याने ती सैल पडण्यासाठी बदनाम आहे. दिसायला आवडते म्हणून पहिल्याच प्रयत्नासाठी ती निवडू नये. दोन्ही बाजूंना धार असलेली दुतोंडी कुऱ्हाड सरळ दांड्याचीच असते, कारण ती उलटून वापरता आली पाहिजे. एका बाजूने पूर्ण सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतार असलेले रुंद, जड पाते दिसले, तर ते झाड तोडण्याचे नसून ओंडका चौरस तासण्याचे आहे. त्याचा दांडा बाजूला कललेला असतो, जेणेकरून काम करणाऱ्याच्या हाताची बोटे ओंडक्यावर घासू नयेत. त्याची सपाट बाजू ‘दुरुस्त’ करण्यासाठी तिला उतार काढणे म्हणजे ते पाते वाया घालवणे होय.

शिक्क्यांकडे आता वळू. कनेक्टिकट राज्यातील कॉलिन्स कंपनी १८२६ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये बंद पडली. तिचा माल इतका नावाजलेला होता की त्याच्या नकला होऊ लागल्या, म्हणून कंपनीने मुकुट, हातोडा धरलेला हात आणि ‘लेजिटिमस’ हा शब्द असलेली मुद्रा वापरात आणली. त्यानंतर कॉलिन्स हे नाव पेनसिल्व्हेनियातील मॅन एज टूल या कंपनीकडे गेले, म्हणून केवळ नाव पाहून पाते जुने ठरवता येत नाही. केली कंपनीचा कारखाना १९०४ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे आला. १९३० मध्ये ती अमेरिकन फोर्क अँड हो या कंपनीने विकत घेतली आणि पुढे १९४९ मध्ये त्या कंपनीने ट्रू टेंपर हे नाव धारण केले. म्हणून ‘केली वर्क्स’ आणि ‘ट्रू टेंपर’ ही नावे एकत्र दिसली तर पाते १९३० नंतरचे मानायला हरकत नाही. फिलाडेल्फियाच्या प्लंब कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दांडा पक्का करण्यासाठी नेढ्यात लाल रंगाचे चिकट रसायन ओतण्याची पद्धत आणली. जुन्या प्लंब पात्याच्या नेढ्यात लाल कडक थर दिसला तर तो त्याचाच अवशेष असतो.

अनेक शिक्के कारखान्याचे नसून घाऊक व्यापाऱ्याचे असतात, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ‘कीन कटर’ हे सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरचे नाव होते आणि ‘ब्लू ग्रास’ हे लुईव्हिलच्या बेल्कनॅप हार्डवेअरचे. असे व्यापारी माल मोठ्या कारखान्यांकडून घडवून घेत आणि त्यावर आपले नाव उमटवत. तेव्हा शिक्का विक्रेता सांगेल; लोहार सांगेलच असे नाही. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यानुसार परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले, त्यामुळे ‘स्वीडन’ किंवा ‘जर्मनी’ हे शब्द इंग्रजीत कोरलेले पाते बहुधा त्यानंतर निर्यातीसाठी बनलेले असते. स्वीडनमधील हुल्ट्स ब्रुक ही संस्था १६९७ पासूनची आणि ग्रान्सफोर्स ब्रुक १९०२ पासूनची. ग्रान्सफोर्सच्या पात्यावर घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे असतात. ती पाहून पाते पुरातन असल्याचा समज होतो, पण ही प्रथा अलीकडच्या दशकांतील आहे.

साफसफाई आणि जुने लाकूड काढणे

शिक्का किंवा कोरीव नक्षी असण्याची शक्यता असेल तर सहाण किंवा ग्राइंडर पात्याला लावूच नये. काही कंपन्यांची चित्रमय चिन्हे इतकी उथळ कोरलेली असतात की कडक घर्षणाने ती काही क्षणांत नाहीशी होतात, आणि त्यांच्यासोबत पात्याची संग्राह्य किंमतही जाते. तारेचा ब्रश आणि थोडे तेल यांनी सुटा गंज निघतो आणि खालचा काळपट, स्थिर थर राहतो. तो थर राहू द्यावा, असे माझे मत आहे. तो पुढच्या गंजाला काही प्रमाणात आवर घालतो आणि जुनी वस्तू जुनी दिसण्यात वावगे काहीच नाही. गंज जाड असेल तर पाते साध्या पाच टक्के तीव्रतेच्या व्हिनेगरमध्ये एक दिवस बुडवून ठेवावे, मधूनमधून घासावे, शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि लगेच तेल लावावे. दिवसेंदिवस बुडवून ठेवल्यास आम्ल गंज संपवून पोलादच खाऊ लागते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कमी दाबाची वीज सोडून गंज काढण्याची पद्धतही प्रभावी आहे, परंतु त्यात धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्यात हायड्रोजन वायू निघतो. पात्यावर जुना रंग असेल तर त्यात शिसे असू शकते. तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

नेढ्यात अडकलेले लाकूड काढण्यासाठी दांडा पात्याच्या खालच्या कडेलगत करवतीने कापावा. मग वरच्या बाजूने लाकडात ड्रिलने जवळजवळ भोके पाडावीत, म्हणजे त्याचा ताण मोडतो. लोखंडी पाचर आत असेल तर ड्रिल तिला चुकवून न्यावे. नंतर पाते व्हाइसच्या उघड्या जबड्यांवर टेकवून लाकूड खालून वर, म्हणजे नेढ्याच्या मोठ्या तोंडाच्या दिशेने, लाकडी किंवा पितळी ठोकळ्याने बाहेर ठोकावे. उलट दिशेने ठोकल्यास फाकलेले लाकूड आणखी अडकत जाते.

दांड्याचे लाकूड

अमेरिकेत दांड्यासाठी हिकरी आणि युरोपात अ‍ॅश ही लाकडे पूर्वापार वापरली जातात. दोन्ही घट्ट, लवचीक आणि आघात सोसणारी आहेत. दांडा विकत घेताना त्याच्या टोकाकडून पाहिल्यास वार्षिक वलये दिसतात. ती पात्याच्या पातळीला समांतर असावीत, असा सर्वसाधारण नियम आहे. माझ्या मते याहून महत्त्वाची बाब म्हणजे लाकडाचे तंतू. ते दांड्याच्या बाजूवर लांबीला धरून जातात की वाटेतच तिरपे होऊन कडेबाहेर निसटतात, हे निरखून पाहावे. वलये अगदी समांतर असूनही तंतू तिरपे निसटत असतील तर दांडा नेमका त्या ठिकाणी सालपटासारखा फाटतो. वलयांची दिशा थोडी चुकलेली, पण तंतू सरळ असा दांडा मी निःशंकपणे निवडेन. पांढऱ्या हिकरीला लालसर हिकरीपेक्षा अधिक भाव दिला जातो, परंतु अमेरिकेच्या वनसंपदा प्रयोगशाळेच्या चाचण्यांत सारख्या घनतेच्या पांढऱ्या आणि लाल लाकडाची ताकद सारखीच आढळली आहे. या जातींच्या लाकडात फार बारीक, दाट वलयांपेक्षा मध्यम रुंदीची वलये बळकट असतात, हेही अनेकांना उलटेच वाटते.

बाजारातील नवे दांडे बहुधा वाजवीपेक्षा जाड असतात आणि त्यांवर चकचकीत वॉर्निश असते. जुने दांडे पाहिले तर मधल्या भागात ते कितीतरी सडपातळ आढळतात, आणि त्या सडपातळपणामुळेच घावाचा धक्का मनगटापर्यंत न येता दांड्यात जिरतो. वॉर्निश खरवडून काढून दांडा आपल्या मुठीला बसेल इतका तासणे हे काम मुळीच ऐच्छिक समजू नये. लांबीचे म्हणाल तर साडेतीन पौंडांच्या पात्याला ८० ते ९० सेंटिमीटरचा दांडा नेहमी लावला जातो. हलक्या पात्याला त्याहून आखूड. लाकूड पूर्ण वाळलेले असावे, ही एकच अट अशी आहे की जिच्यात सवलत नाही. ओलसर लाकूड नेढ्यात कितीही घट्ट बसवले तरी ते आकसते आणि पाते सैल पडते.

बसवणे

दांड्याच्या वरच्या, नेढ्यात शिरणाऱ्या भागाला येथे जीभ म्हणू आणि जेथे तो दांड्याच्या जाड भागाला मिळतो त्याला खांदा. बहुतेक लोक जीभ घाईघाईने बारीक करतात, पाते सहज सरकले की समाधान मानतात आणि राहिलेली पोकळी पाचर भरून काढील असे गृहीत धरतात. चूक नेमकी येथेच होते. पाचर नेढ्याच्या लांबीला धरून ठोकली जाते, त्यामुळे ती लाकूड दोन्ही गालांकडे फाकवते. धारेच्या आणि माथ्याच्या दिशेला ती काहीच फाकवत नाही. म्हणून नेढ्याच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीशी जिभेचा स्पर्श कानशीनेच साधावा लागतो. तेथे राहिलेली फट पाचरीने मिटत नाही आणि पुढे पाते दांड्यावर मागे-पुढे डोलू लागते.

काम असे चालते. जाड दात्यांच्या लाकडी कानशीने जीभ थोडी तासावी आणि पाते तिच्यावर हाताने बसवावे. मग दांडा उभा हवेत धरावा, पाते खाली लोंबते ठेवावे आणि दांड्याच्या वर आलेल्या मुठीच्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोकावे. पाते जड असल्याने ते जागच्या जागी राहू पाहते आणि दांडा त्यात शिरत जातो. पात्यावर ठोकण्याची गरजच पडत नाही. दोन-चार ठोक्यांनंतर पाते काढावे आणि जीभ उजेडात फिरवून पाहावी. जेथे लोखंड घासले तेथे लाकडावर काळसर, दबलेले, चमकणारे ठिपके दिसतात. फक्त तेवढेच ठिपके कानशीने उतरवावेत, बाकी लाकडाला हात लावू नये, आणि पुन्हा ठोकावे. प्रत्येक फेरीला पाते थोडे खाली जाते आणि ठिपक्यांचे पट्टे होत जातात. जिभेच्या चारही बाजूंवर सलग काळसरपणा आला म्हणजे लाकूड नेढ्याचा आकार घेत आहे. खांद्याजवळ नेढ्याची खालची कड कधी कधी लाकडाची पातळ साल वळवून वर काढते. ती तशीच ठेवून पुढे ठोकत राहिल्यास साल पात्याखाली दाटते आणि पाते खांद्यावर पुरते टेकत नाही, म्हणून ती वेळीच छाटून टाकावी. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही, पण कुऱ्हाड सुरक्षित आहे की नाही, हे पाचर हातात घेण्यापूर्वीच येथे ठरते.

पाते खांद्यावर टेकल्यावर जीभ नेढ्यातून वर सहा ते दहा मिलिमीटर उरली पाहिजे. आता सरळपणा तपासावा. मुठीच्या बाजूने दांड्यावरून नजर लावली असता धार दांड्याच्या मध्यरेषेत आली पाहिजे. ती एका बाजूला वळलेली दिसत असेल तर जिभेच्या योग्य कडेवरून लाकूड काढून पात्याची दिशा सुधारावी. दुसरी तपासणी सपाट टेबलावर होते. एका धारेच्या कुऱ्हाडीची धार आणि मुठीचे टोक असे दोनच बिंदू टेबलाला टेकतील अशी ती उभी ठेवावी. धारेचा मधला भाग किंवा त्याहून किंचित टाचेकडचा भाग टेबलाला लागला तर बैठक बरोबर आहे. केवळ टोक टेकत असेल तर पाते पुढे उघडलेले आहे आणि घाव कोपऱ्यावर पडेल.

जिभेत पाचरीसाठी चीर पाडलेली असते. ती नेढ्याच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश खोल असावी. फार उथळ असेल तर पाचर आत जाणार नाही. खांद्यापर्यंत गेलेली असेल तर दांडा पुढे तेथून फाटेल. पाचर लाकडाचीच, पूर्ण कोरडी आणि चिरेची पूर्ण लांबी व्यापणारी असावी. पॉपलरसारखे किंचित मऊ लाकूड दबून पोकळीत बसते, म्हणून अनेक कारागीर त्यालाच पसंती देतात. सरस लावला तरी चालतो, न लावला तरी चालतो. पाचर मध्यम ठोक्यांनी, सरळ आत न्यावी. सुरुवातीला ठोक्याचा आवाज पोकळ येतो. पाचर तळाला भिडू लागली की तो आखूड आणि भरीव होतो आणि पाचर पुढे सरकणे थांबते. तेथेच थांबावे, कारण त्यानंतरचे ठोके पाचर फोडतात. वरचा जादा भाग करवतीने कापताना तीन ते सहा मिलिमीटर लाकूड पात्याच्या वर ठेवावे. फाकलेले हे लाकूड नेढ्याच्या तोंडापेक्षा रुंद होते आणि पात्याला वर निसटू देत नाही. लाकडी पाचरीवर आडवी लोखंडी पाचर मारण्याची पद्धत सर्वत्र आहे. मी ती टाळण्याच्या पक्षात आहे, कारण लोखंड गंजते, लाकडाचे तंतू तोडते आणि पुढच्या वेळी दांडा काढणाऱ्याच्या ड्रिलचा घात करते. जीभ नीट बसवली असेल तर तिची गरज भासत नाही.

धार शेवटी लावावी. तोवर तिच्यावर चामड्याचे आवरण किंवा जाड चिकटपट्टी असणे शहाणपणाचे. कानस, तेलाचा दगड आणि हातमोजे एवढी सामग्री पुरते. दोन्ही बाजूंनी सुमारे २० ते २५ अंशांचा किंचित फुगीर उतार ठेवावा. धारेमागचे गाल सपाट करण्याचा मोह होतो, पण गालांचा मधला उंचवटा लाकडाला बाजूला ढकलतो; तो काढून टाकला तर पाते ओंडक्यात रुतून बसते.

दांड्याला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, आणि वर उघड्या राहिलेल्या जिभेच्या टोकाला ती पिईल तितके तेल द्यावे. या तेलाने भिजलेल्या चिंध्या कधीही गोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा बोळा कोणत्याही ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

पहिल्या काही आठवड्यांत लाकूड हवेतील ओलाव्याशी जुळवून घेते, त्यामुळे प्रत्येक वापरापूर्वी पाते हलते का, हे पाहावे. ते सैल वाटल्यास कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. पाण्याने लाकूड फुगते, पण लोखंडाच्या भिंती त्याला पसरू देत नाहीत, म्हणून त्याचे तंतू चिरडले जातात आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही बारीक होते. त्याऐवजी मुठीच्या टोकावर ठोकून पाते पुन्हा खांद्यावर बसवावे आणि पाचर आत जात असेल तर आणखी आत न्यावी. ती जात नसेल तर जुनी पाचर ड्रिलने काढावी, खांदा थोडा खाली तासून पाते काही मिलिमीटर खाली बसवावे आणि नवी, थोडी जाड पाचर ठोकावी. वर उरलेली जीभ त्यामुळे जरा जास्त निघते, ती कापून टाकली की झाले.